त्याच्या फोटोतली गाडी

नागपूरला कायमचं परतायचं ठरलं तेव्हा सोबत गाडी नेऊ नकोस, असं मला प्रत्येकानं सांगितलं. न्यूझीलंडमध्ये मी ज्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करायचे तिथल्या मैत्रिणीनं सांगितलं. फोनवर आईनंही सांगितलं, "काहून आणतेस वं? इथं गाड्या नाही भेटत का?" सामान पाठवणारा एजंट मराठीच निघाला. तो तर कळवळून म्हणाला, "ताई, गाडीवर जो कर बसतो ना, तेवढ्यात तिकडे आणखी एक गाडी दारात उभी राहील."

"कळलं. पण आणता येते ना?"

"येते. स्टिअरिंग उजवीकडे हवं, ते इथे असतंच. गाडी फार जुनी नको, आणि निघायच्या आधी काही काळ तुमच्या नावावर हवी. कोणती न्यायचीय?"

कोणती, ते मला तोवर ठाऊक नव्हतं. घरातली वस्तू मागे टाकवत नाही, तशी माझी सवयीची करडी गाडी न्यावी, इतकंच मनात होतं. ती फार जुनी म्हणून बाद झाली. मग एक उंच, पांढरी, शहाणी गाडी बघितली. आईचे गुडघे दुखतात, तिला चढायला-उतरायला बरी पडेल म्हणून. ती जवळजवळ घेतलीच होती.

त्याच आठवड्यात मी नागपुरातल्या फ्लॅटच्या जाहिराती चाळत बसले होते आणि मधेच माझ्या पूर्वीच्या नवऱ्याचा चेहरा समोर आला.

रामदासपेठेत त्यानं कचेरी काढली होती. मुलांना शिकायला परदेशी पाठवायचा सल्ला देण्याची. जाहिरातीत तो एका गडद निळ्या, दोन दारांच्या, बुटक्या गाडीला टेकून उभा होता. एक हात टपावर, डोळ्यांवर गॉगल. खाली लिहिलं होतं, 'परदेशात यश कसं मिळवायचं, हे आम्ही जगलो आहोत.'

तो फोटो मी काढला होता.

लग्नानंतर आम्ही दोघं तिकडे गेलो तेव्हा रविवारी दुपारी तो मला बंदराजवळच्या एका शोरूममध्ये घेऊन जायचा. आम्ही काही घेणार नाही, हे तिथल्या विक्रेत्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तरी हा त्या निळ्या गाडीला टेकून उभा राहायचा आणि मला सांगायचा, "जरा वाकून काढ. चाक आलं पाहिजे." मी वाकायचे. मग तो फोटो बघायचा, नाक मुरडायचा, परत काढायला लावायचा. जाहिरातीसाठी त्यानं शोरूमची पाटी कापून टाकली होती, पण खाली चकचकीत फरशीवर माझी वाकलेली सावली तशीच राहिली होती. ती कापायची त्याला गरज वाटली नसावी.

तिकडे त्याची एकही नोकरी टिकली नाही. "मी नागपुरात बस्तान बसवतो, मग तू ये," म्हणून तो निघाला. माझी करडी गाडी घेऊन विमानतळावर गेला, ती तिथल्या पार्किंगमध्ये लावली आणि किल्ली खिशात घालून भारतात आला. मी फोनवर विचारलं तर म्हणाला, "राहिली खिशात." पुढे त्याच्या वकिलाची नोटीस आली. इथवर सगळं मी सोसलं असतं. नवरा सोडून गेलेली मी काही पहिली बाई नव्हे.

पण नागपुरात त्यानं सगळ्यांना सांगितलं की माझं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही, मला गोळ्या चालू आहेत, म्हणून नाइलाजानं सोडून यावं लागलं. बाबा रोज संध्याकाळी घराजवळच्या बागेत त्यांच्या निवृत्त मित्रांबरोबर फिरायचे. तिथे एकानं सगळ्यांसमोर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "पोरीची तब्येत कशी आहे आता? काही सुधारणा?" बाबा घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर फिरायला लागले. पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेल्या कपड्यांमधून. शेवटपर्यंत ते पुन्हा बागेत गेले नाहीत. मला फोनवर म्हणायचे, "गच्चीवर हवा चांगली असते." खरं काय ते त्यांच्या माघारी आईनं सांगितलं.

तेव्हापासून मी त्या माणसाचं वाईट चिंतत आले. हे मी मान खाली घालून सांगत नाही.

एजंटला फोन केला आणि म्हटलं, "गाडी ठरली."

तीच निळी हवी होती. पण कंपनीनं मधल्या काळात तो निळा बदलून थोडा फिकट केला होता. मी मोबाइलवर तो फोटो उघडा ठेवून एकेका विक्रेत्याकडे जायचे आणि गाडीच्या दारापाशी धरून रंग जुळवायचे. ताकद किती, पेट्रोल किती खाते, असं काही मी विचारतच नाही हे पाहून ते गोंधळायचे. शेवटी दूरच्या एका गावात, दात काढून काढून कंटाळलेल्या एका डॉक्टरबाईंकडे तो जुना निळा सापडला. मैत्रीण सोबत आली होती. ती म्हणाली, "निदान चालवून तरी बघ." तोवर ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चालवली. जमिनीवर जेवायला बसल्यासारखं वाटलं. मागच्या दोन जागा नावापुरत्या होत्या. तिथे माणसानं बसायचं तर आधी पुढची खुर्ची दुमडायची, मग स्वतः दुमडायचं.

"तुझी आई बसेल यात?" मैत्रिणीनं विचारलं.

"आई लहान चणीची आहे," मी म्हटलं आणि सह्या केल्या.

पुढचं सगळं रटाळ होतं. बोट, मुंबई बंदर, कस्टम, मग ट्रकवर लादून नागपूर. आरटीओतल्या साहेबांनी गाडीभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "मॅडम, हिचे पार्ट कुठं भेटतील?" "नाही भेटणार," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ती माझं डोकं फिरल्याची गोष्ट यांच्यापर्यंतही पोचली असावी, असं मला वाटून गेलं.

गाडी दारात आली तेव्हा आई म्हणाली, "एवढीशी? नि दोनच दारं?" मी तिला मोबाइलवरचा फोटो दाखवला. तिनं चष्मा लावून तो पाहिला, मग बाहेर उभी असलेली गाडी पाहिली, मग पुन्हा फोटो. आत गेली आणि चांगली साडी नेसून बाहेर आली.

"चाल," ती म्हणाली. "पहिले गांधीबागेतून तुझ्या मावशीसाठी चादरी घेऊ. मग त्याच्या कचेरीवरून सावनेरले, तिच्या घरी. लोकायले वाटलं पायजे का आपण आपल्या कामानं निघालो."

गांधीबागेच्या कापडबाजारातल्या गर्दीत गाडी घालायची सोय नव्हती. कडेला उभी केली, दुकानदाराच्या माणसानं चादरींचं भलंमोठं गाठोडं आणून मागच्या एका जागेवर कोंबलं. तिथून आम्ही रामदासपेठेत आलो. त्याची कचेरी पहिल्या मजल्यावर होती आणि गॅलरीवरून तोच फोटो, पुरुषभर उंचीचा, खाली लोंबत होता. मी त्याच्या बरोबर खाली गाडी लावली. शनिवार होता, मुलं आणि त्यांचे आईबाप जिन्यावरून चढत-उतरत होते. आधी एक मुलगी थांबली, मग तिचे वडील. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "अरे, सरांची गाडी!"

कोणीतरी त्याला बोलवायला वर पळालं. तो उतरला. पोट सुटलं होतं, केस मागे गेले होते. मला पाहून थबकला, पण नजर माझ्यावर टिकली नाही, गाडीवर गेली. तो जवळ आला आणि अगदी नकळत त्याचा हात टपावर गेला.

"सर, तुम्ही म्हणाले होते ना, गाडी तिकडंच राहिली म्हणून," ते गृहस्थ म्हणाले. "आणवून घेतली का?"

तो हसला. "हो. म्हणजे... घरचीच आहे."

आईनं काच खाली केली. "घरची म्हणजे कोणाच्या घरची गा?"

लग्नात याच आईनं त्याचे पाय धुतले होते. जावईबापू, तुम्ही, आपण, याखाली ती कधी उतरली नव्हती. आता तिनं त्याला भाजीवाल्याला हाक मारावी तसं 'गा' म्हटलं आणि त्याचा हात टपावरून खाली आला.

मी उतरले. "गाडी माझी आहे," मी त्या लोकांना म्हटलं. "हा फोटोही मीच काढलाय, तिकडच्या एका शोरूममध्ये. यांची गाडी नव्हती कधी."

आवाज चढवला नाही. गाडी बोटीवर होती तेवढे सगळे दिवस ते वाक्य मी मनात घोळवलं होतं, ते नीट आलं. मुलीनं वडिलांकडे पाहिलं. वडील फोटोकडे पाहू लागले.

"हिची थट्टा करायची सवय आहे," तो म्हणाला. मग माझ्यासमोर तळहात पसरला. "दे किल्ली. एक चक्कर मारून दाखवतो यांना."

मी बऱ्याच गोष्टींची तयारी करून आले होते. तो चिडेल, वर पळेल, ओळखच दाखवणार नाही. पण तो किल्ली मागेल असं मला वाटलं नव्हतं.

"चक्कर मार ना," मी म्हटलं. "मागं बस."

एवढे लोक बघत असताना त्याला नाही म्हणता आलं नाही. आई सावकाश उतरली, खुर्ची दुमडली, आणि तो कुल्ल्यांनी मागे सरकत आत शिरला. गुडघे हनुवटीला, बगलेत चादरी. आईनं खुर्ची परत सरळ केली, बसली आणि पट्टा लावला.

सदर बाजार मागे पडेपर्यंत तो चादरी बाजूला ढकलत राहिला. मग म्हणाला, "बस झालं. सोड मला इथे. दुपारी पालकांची सभा आहे."

"आई उतरल्याशिवाय तुला उतरता येत नाही," मी म्हटलं.

"आई, जरा उतरता का?"

"माझे गुडघे दुखून राहिले गा," आई समोर बघत म्हणाली. "एकदाच उतरीन, सावनेरले."

त्याचा फोन वाजला. "हो हो, मीटिंगमध्ये आहे," तो कुजबुजला. आई मागे वळली आणि फोनच्या दिशेनं मोठ्यानं म्हणाली, "सावनेरले चाललो आम्ही!" मला इतकं हसू आलं की गाडी हळू करावी लागली. कोळशाचे ट्रक शेजारून जात होते आणि त्यांच्या चाकांपुढे आम्ही एवढेसे दिसत होतो. मागे प्रत्येक स्पीडब्रेकरला त्याचं डोकं टपाला लागत होतं. मी एकही स्पीडब्रेकर चुकवला नाही.

मावशीच्या फाटकापाशी आई उतरली आणि तो बाहेर आला. पाय बधिर झाले होते, गाडीला धरूनच उभा राहिला.

"एवढं करायची काय गरज होती?" तो म्हणाला.

"बाबांच्या बागेतल्या मित्रांना माझ्याबद्दल काय सांगितलं होतंस?"

"कोणत्या मित्रांना?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. मी त्याला बाग सांगितली, खांद्यावरचा हात सांगितला, गच्ची सांगितली. तो ऐकत राहिला. मग खांदे उडवून म्हणाला, "सहज बोललो असेन काहीतरी."

सहज. इतकी वर्षं मी जे उराशी धरून बसले होते ते याच्या तोंडून असंच, चहा पिता पिता सांडलं होतं. त्या क्षणी मला त्याला पुन्हा गाडीत कोंबून पार छिंदवाड्यापर्यंत न्यावंसं वाटलं. आईनं माझा दंड धरला.

"बस स्टँड तिकडं आहे," तिनं त्याला हात करून दाखवलं. "विचारत विचारत जा."

तो गेला. उन्हात, पँटला चादरींचे दोरे चिकटलेले. वळणावर जाईस्तोवर मी बघत उभी राहिले. सूड घेतल्यावर आत रिकामं रिकामं वाटतं, असं लोक म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. मला सपाटून भूक लागली. मावशीनं पाटवडीचा झणझणीत रस्सा केला होता. मी नाकातून पाणी गळेपर्यंत जेवले आणि आई मावशीला आमची दुपार पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडी वाढवून सांगत राहिली.

पुढच्या आठवड्यात रामदासपेठेतला तो फोटो उतरला. आता तिथे विमानाचं चित्र आहे. गोष्ट गावभर झाली. बागेतल्या त्या मित्रांपर्यंतही पोचली असणार, कारण संध्याकाळी मी तिथून हळू गाडी नेते तेव्हा बाकावरचे म्हातारे हात वर करतात. मी थांबत नाही.

गाडी मात्र त्रास देते. पावसाळ्यात ती पोटानं खड्ड्यांना घासते. गेल्या महिन्यात ट्रकच्या चाकाखालचा दगड उडून समोरच्या काचेला कोपऱ्यापासून तडा गेला. तशी काच इथे नाही. बाहेरून मागवावी लागेल आणि ती कधी येईल हे कोणी सांगत नाही. परवा मी आईला म्हटलं, बाहेरून आणलेली गाडी विकायची बंदी उठली की काढून टाकू, तुझ्यासाठी एखादी उंच गाडी घेऊ.

आई तांदूळ निवडत होती. "विकू नको वं," ती म्हणाली.

"काहून?"

"तो आहे ना अजून गावात."

तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला आणि सूप पुढे सरकवलं.