सूर्यभान गायकी

निंभोरीत सांगतात की सूर्यभान गायकीनं दोन गावांच्या सभेत माईक धरून गाणं म्हटलं, सरपंचानं त्याच्या गळ्यात हार घातला, आणि त्या हारावर भाळून त्यानं इ-क्लासची चराई देऊन टाकली. आमच्या शेजारची पार्बताबाई तर गाण्याचे शब्दही सांगते.

सगळं खोटं. मी गावातल्या झाडून सगळ्यांच्या नकला करते, त्यामुळे कोणाच्या गळ्यात काय आहे ते मला ठाऊक असतं. सूर्यभानमामाच्या गळ्यात बिडीचा खोकला आहे आणि ढोरांना द्यायच्या शिव्या. गाणं नाही.

आमच्या वऱ्हाडात गावाची गुरं चारणाऱ्याला गायकी म्हणतात. सकाळी घरोघरची ढोरं गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, आखरावर, गोळा करायची, इ-क्लासवर न्यायची, दिवस बुडता जिथली तिथं आणून सोडायची. मामाचा बापही हेच करायचा. इ-क्लास म्हणजे निंभोरी आणि चिंचखेडच्या मधली सरकारी पडीत जमीन. कागदावर दोन्ही ग्रामपंचायतींची मिळून. मामा प्रत्येक जनावराला त्याच्या मालकाच्या नावानं हाक मारतो. आमचे सरपंच केशवराव ओट्यावर चहा पीत असले तरी त्यांच्या म्हशीला रस्त्यातून ओरडतो, "ए केशवराव, कावून घुसून राहिला दुसऱ्याच्या वावरात?"

कापूस दगा द्यायला लागला तशी लोकांनी गुरं अंजनगावच्या बाजारात नेली. एकशे चाळीस ढोरांचा कळप दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात साठावर आला होता. त्याच उन्हाळ्यात दोन्ही पंचायतींनी जागेचं काय करायचं ते ठरवायला चिंचखेडच्या शाळेत सभा लावली.

केशवरावांना तिथं मंगल कार्यालय हवं होतं. चिंचखेडच्या सरपंच बेबीताईंना दुकानांचे गाळे.

"तुमच्या गावात लगन लावाले पोरं तरी उरले का?" बेबीताई म्हणाल्या.

"आन् तुमच्या गाळ्यात काय इकान? हवा?"

दोन तास हेच चाललं; मी मागं बसून ऐकत होते. लिहायला नवे ग्रामसेवक होते, साताऱ्याकडचे. दर पाच मिनिटांनी चष्मा पुसून म्हणायचे, "आपण सर्वांनी सामंजस्याची भूमिका घेऊ या."

शेवटी मामा उभा राहिला. "साहेब, मंगल कार्यालय बांधा नाही त गाळे बांधा. मले एवढंच सांगा, उद्या सकाळी साठ ढोरं कुठं नेऊ? तुमच्या हापिसात?"

सभा हसली. ग्रामसेवकांना बोली कितपत कळली कोण जाणे. त्यांनी अदबीनं विचारलं, "आपलं नाव? व्यवसाय?"

"सूर्यभान. गायकी."

"वा! गायकी!" म्हणाले, आणि लिहून घेतलं.

तो "वा!" मला इतका आवडला की रात्रीपर्यंत मी तो घरात करून दाखवत होते. माझे अब्बा, ताहेरभाई, हसून हसून लोळले. त्या "वा!"मध्ये काय घडलं ते मला, एवढ्या तिखट कानाच्या लुबनाला, कळलं नाही.

पंधरा दिवसांनी ठराव पंचायतीच्या भिंतीवर लागला. मामाला वाचता येत नाही, म्हणून मी त्याला ग्रामसेवकांच्याच आवाजात वाचून दाखवला: "जागेच्या भविष्यातील वापराबाबत एकमत होईपर्यंत सदर जागेस तारेचे कुंपण करून गुरचराई बंद ठेवण्यात यावी. गुराख्यांपैकी कोणाचीही हरकत नाही. स्थानिक गायक श्री. सूर्यभान यांनी मनोगत व्यक्त केले."

"गायक म्हंजे?"

"गाणं म्हणणारा, मामा." हे मी माझ्याच आवाजात सांगितलं.

तो तडक केशवरावांकडे गेला. मी मागोमाग.

"भाऊ, थो साहेब परमुलखातला. तुमाले त गायकी समजते. तुमी सही कशी केली?"

"अरे, वाचून मी बी हासलो," केशवराव म्हणाले. "पण खोडायचं म्हंजे दोन्ही पंचायतीची सभा पुन्हा लावा लागते. थे बेबीताई काही येत नाही. तू असं कर सूर्यभान, गाणं शिकून घे."

मग मामा अंजनगावला पंचायत समितीत गेला. तिथल्या साहेबांनी ठराव दोनदा वाचला. "हरकत गुराख्याची लागते, बुवा. तुम्ही तर कागदावर गायक आहात."

जूनच्या आत कुंपण झालं. चराई गेली म्हणून लोकांनी उरलेली ढोरंही विकली, आणि विकताना मामाला दोष दिला. गाण्याची गोष्ट तिथूनच सुरू झाली. स्वतः विकलं म्हणण्यापेक्षा गायक्यानं बुडवलं म्हणणं सोपं. सात ढोरं राहिली. त्यात आमची तांबडी गाय, कारण अब्बा हट्टी.

मी मामाला म्हटलं, "पोळ्यापर्यंत तिथं काहीतरी बांधतीनच. मंग उरलेली जागा चराईले मोकळी करतीन. लावता पैज?"

"काही नाही बांधत, पोरी. दोघं एकाच गोष्टीवर एक झाले, मले हाकलण्यावर. थे काम झालं. हरली त एक दिवस माह्या ढोराच्या मांगं चालजो."

"चालीन!"

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या पाडव्याला, सकाळीच मामानं माझ्या हातात काठी दिली. इ-क्लासवर एक वीट नव्हती. दोन टोकांना दोन पंचायतींच्या दोन पाट्या, आणि मध्ये कमरेएवढं हिरवं गवत, कोणी तोंड न लावलेलं. आमच्या तांबडीनं तारेतून मान आत घातली.

"हाकल," मामा म्हणाला.

"एक घास घेऊ दे ना, मामा."

"दंड तुह्या बापाले पडन. हाकल."

माझी काठी उठली नाही. मग त्यानंच तांबडीचं शिंग धरलं, तार वाकवून मान सोडवली, आणि माझ्याकडे न बघता पुढं चालू लागला. दिवस बुडायला पुष्कळ अवकाश होता. पैज मी हरले होते, म्हणून मागं मागं चालत राहिले, कुंपणाच्या बाहेरून.