पडद्यावरचा माझा डावा पाय

आधीच सांगून ठेवते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही ‘आहे’ म्हणायला जीभ वळत नाही. तेव्हा कमेंटमध्ये लिंबू-मिरची, शांत, उतारा वगैरे सुचवू नका... वाद घालायला मात्र खुशाल या.

मी नागपूरची. लहानपणापासून कथक शिकले. मग वर्धा रोडवर एका ट्रकखाली माझा डावा पाय गुडघ्यापासून गेला. लोक म्हणाले, संपलं. मी आणि तीन मित्रांनी मिळून डान्स कंपनी काढली — नाच आणि टेक्नॉलॉजी एकत्र. मनीषनगरात हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल, तोच आमचा स्टुडिओ. नाचणाऱ्याच्या अंगावर सेन्सर बांधायचे आणि त्यावरून कॉम्प्युटर मागच्या पडद्यावर उजेडाची आकृती काढतो. आम्ही तिला सावली म्हणतो. तुम्ही हात उचलला की तीही उचलते.

नव्या प्रयोगात माझा एकटीचा नाच होता, कुबडी घेऊन. आमचा कॉम्प्युटरवाला निखिल म्हणाला, "ताई, सावलीले दुसरा पाय लावून देऊ का? सॉफ्टवेअर आपोआप भरून काढते."

मी ठणकावलं, जशी आहे तशी दाखव. माझी सावली गुडघ्यालाच संपली पाहिजे. यावरून आमचं चांगलंच वाजलं, पण शेवटी त्यानं माझ्यासमोर ते सेटिंग बंद केलं.

एप्रिलमधली दुपार होती, कूलर घरघरत होता. उमरेडहून आई तालीम बघायला आली होती. अपघातानंतर तिनं माझा नाच पाहिलाच नव्हता. बघवत नाही म्हणायची. मी सेन्सर बांधले, कुबडी काखेत टेकवून हात पसरले आणि स्थिर उभी राहिले. मशीनला शरीर ओळखता यावं म्हणून सुरुवातीला तसं उभं राहावं लागतं.

आणि सावलीला डावा पाय आला.

मी निखिलवर खेकसले. तो दोन्ही हात वर करून खुर्चीतून उठला. "तुमची शपथ ताई, मी काहीच नाही करून राहिलो!"

तेवढ्यात त्या पायानं अंगठा जमिनीवर घासला... परत घासला. मी हललेही नव्हते. माझा उजवा पाय जागच्या जागी होता, कुबडीसुद्धा.

"केतकी, तुहाच पाय आहे वं तो!" आई ओरडली. "नाचाच्या आधी असाच अंगठा घासे तू!"

खरं होतं. पण माझी ही खोड कॉम्प्युटरला सांगितली कोणी? सेन्सर आले तेव्हा तो पाय नव्हताच.

आम्ही वायरी तपासल्या, लॅपटॉप बदलला. माझे सेन्सर दुसऱ्या मुलीला बांधले, तिची सावली अगदी तिच्यासारखीच हलली. मी बांधले की पाय हजर. एक डॉक्टर मैत्रीण म्हणाली, मेंदूला गेलेल्या अवयवाचा भास होतो. कबूल, त्या नसलेल्या पोटरीत मला अजून पेटके येतात. पण मेंदूला भास होईल हो... सेन्सरला कसा होईल?

बाकीचे मात्र खूश. आयोजक म्हणाले, हेच ठेवा, पब्लिक रडेल! आई तर रोज एसटीनं यायला लागली. मी घामाघूम होऊन नाचत असायचे आणि तिची नजर पडद्यावर, त्या पायावर. मला भीती नाही वाटली. राग आला. भयंकर राग आला.

प्रयोगाच्या दिवशी मी निखिलला सांगितलं, माझ्या नाचाला पडदा बंद.

आई मेकअप रूममध्ये आली. डोळे भरलेले. "काहून बंद करून राहिली वं? मले तेवढाच तर दिसते तो."

"आणि मी? मी नाही दिसत का तुले?"

ती डोळे पुसत बाहेर जाऊन बसली.

मी नाचले. एकदा पडले, उठले, पुन्हा नाचले. आई पहिल्या रांगेत होती. बराच वेळ ती काळ्या पडद्याकडेच बघत होती. मग कधीतरी तिची नजर खाली आली, माझ्यावर, आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली.

नंतर ती आत आली, फरशीवरच बसली आणि माझा उजवा पाय मांडीवर घेतला. "किती सुजला वं हा," म्हणाली आणि चोळत राहिली. मी ढसाढसा रडले.

तो दुसरा पाय कुठून येतो, मला माहीत नाही. मी सेन्सर बांधले की निखिलच्या लॅपटॉपवर अजूनही येतो. कोणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा... पण त्याच्यासाठी मी पडदा चालू करणार नाही.