हात काढ, नकाशा मळतोय

"हात काढ. नकाशा मळतोय."

पहिल्याच प्रॅक्टिकलला सर असं म्हणाले तेव्हा माझा हात नकाशावर नव्हताच. टेबलाच्या कडेवर होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हिंगोलीतलं कॉलेज, भूगोलाचं प्रॅक्टिकल. टेबलावर टोपोशीट, गावं-देवळं-ओढे दाखवणारा सरकारी नकाशा, अंथरलेलं. सरांच्या गोतावळ्यातली पोरं टेबलाला भिडून उभी. मी साखऱ्याच्या बौद्धवाड्यातली. त्या दिवसापासून मागं, टाचा उंचावून. वर्षभर मी नकाशा असाच पाहिला, पोरांच्या बगलेतून.

त्या दिवशी सरांनी मलाच विचारलं, "त्या देवळाचा ग्रीड रेफरन्स सांग."

नकाशावर आडव्या-उभ्या लाल रेषांची जाळी. आधी पूर्वेकडं सरकायचं, मग उत्तरेकडं चढायचं. चौकोनाचे मनातच दहा-दहा भाग पाडायचे. सहा आकडे, तोच त्या जागेचा पत्ता. मी लांबून बघितलं आणि उलटे सांगितले. आधी उत्तर, मग पूर्व.

सर हसले. "कोट्यातली डोकी! हिला देऊळ कसं सापडेल? गावाच्या खालच्या अंगाला बघ, तुझं घर तरी दिसतं का!"

वर्ग हसला. माझ्याआधी पाटलाच्या पोरानं आकडे उलटेच सांगितले होते. त्याला सर म्हणाले होते, "होतं असं, बाळा."

पानानं रंगलेले दात. हलणारं पोट. वर्षानुवर्षं तीच शीट, तेच देऊळ, तोच विनोद. एवढीच ह्या माणसाची विद्या. आणि ह्याला मी वर्षभर भिऊन राहिले? किळस आली. भीती गेली.

पुढं गेले. पोरांना म्हणाले, "सरका." पट्टी नकाशावर टेकवली.

"हात काढ म्हटलं ना!"

"न्हाई काढत. मी बी ह्याच वर्गात हाय."

त्यांनी नकाशा ओढला. मी सोडला न्हाई. कोपरा टर्रकन फाटला. उरलेल्यावर पट्टी धरून मी आकडे काढले, मोठ्यानं सांगितले. आधी पूर्व, मग उत्तर.

दुसऱ्या दिवशी बाला बोलावलं. बा मजुरी बुडवून आला. सर खुर्चीत, बा उभा.

"पोरीला माफी मागायला सांगा. नाहीतर प्रॅक्टिकलला बघतोच."

बाचे हात जोडायला वर आले. मी मधेच धरले, खाली ओढले.

"बा, ह्या माणसापुढं हात जोडायचे न्हाईत."

"पोरी, साल जाईल तुझं."

"जाऊ दे."

गेलं. त्यांनी नापास केलं. पुढच्या साली मी पहिल्या दिवसापासून टेबलाशी उभी राहिले, आणि तिथून हलले न्हाई. पास झाले. आता मीच भूगोल शिकवते.

परवा त्या कॉलेजातून फोन आला. सर निवृत्त होऊन राहिले, सत्कार हाय. "तुमचे गुरू आहेत, मॅडम. चार शब्द गौरवाचे बोला."

गुरू!

व्हय म्हणाले. जाणार हाय मी. त्यांच्या अंगावर शाल पडली की माईक घेणार. आणि हेच सांगणार, त्यांच्या तोंडावर, भरल्या सभेत, त्यांचं नाव घेऊन.