दादाचे लेख आईला सांगताना

दादा गेला त्यानंतर काही महिन्यांनी त्याच्या कॉलेजातून एक जाडजूड पाकीट आलं. त्याने आयुष्यभरात लिहिलेले शोधनिबंध त्याच्या एका विद्यार्थिनीने गोळा करून पाठवले होते. माझा भाऊ मुंबईत डॉक्टर होता, यकृताच्या आजारांवर संशोधन करायचा. आमच्या गावात मात्र तो फक्त ‘काविळीचा डॉक्टर’.

आई पडवीत पांढऱ्या कांद्याच्या माळा विणत बसली होती.

“काय आलंय?”

“दादाने लिहिलेलं.”

“एवढं?” तिने पदराला हात पुसून कागद मांडीवर घेतले. “मला सांग काय लिवलंय ते.”

मी शाळेत विज्ञान शिकवते, इंग्रजीची अडचण नव्हती. अडचण वेगळी होती. बहुतेक निबंध एकाच गोष्टीवर होते: हिपॅटायटिस बी हा आजार बाळंतपणात आईकडून बाळाला कसा लागतो. आणि दादा त्याच आजारातून झालेल्या यकृताच्या कॅन्सरने गेला होता.

शिकत असतानाच त्याला स्वतःच्या रक्तात हिपॅटायटिस बी सापडला. मग एका दिवाळीत घरी येऊन त्याने माझं आणि आईचं रक्त तपासायला नेलं. माझ्यात काही निघालं नाही. मला त्याने लस टोचली. आईला म्हणाला, साखर बघतोय. खरं काय ते मला त्याने हॉस्पिटलात, अगदी शेवटी सांगितलं. “आईला कळू देऊ नकोस. तिला वाटेल, तिनेच केलं.”

म्हणून मी दुसऱ्या निबंधांपासून सुरुवात केली. दारूने यकृत कसं खराब होतं, दूषित पाण्याने कावीळ कशी पसरते. आई मन लावून ऐकत होती. मग तिने उरलेल्या गठ्ठ्यावर हात ठेवला.

“आनि ह्ये?”

“बाळ जन्मल्याबरोबर लस दिली तर एक आजार टळतो, असं आहे त्यात.”

“म्हंजे आईकडनं येतो व्हय त्यो?”

“कधीकधी.”

“तुझा दादा झाला तवा व्हती ती लस?”

“नव्हती गं.”

तिने एक कांदा उचलला, परत खाली ठेवला. “माझं रगत न्यायचा त्यो. साखर न्हाय म्हनला. मग दर वर्साला का नेत व्हता?”

मला रडू फुटलं आणि त्यातूनच तिला सगळं समजलं. ती रडली नाही. कांद्यांची माळ बाजूला सारून म्हणाली, “रागावला असंल का गं माझ्यावर?”

“नाही आई. शेवटपर्यंत तुझ्या हातची पेज मागत होता.”

त्या दिवसापासून तिने आपलं ताट-भांडं वेगळं केलं. अशाने काही लागत नाही, हे मी किती वेळा सांगितलं. तिने ऐकलं नाही. पुढे माझी मुलगी बाळंतपणाला आली. अलिबागच्या दवाखान्यात नातू झाला, जन्मताच त्याला लसही मिळाली. घरी आणलं तेव्हा आई उंबऱ्यापाशीच थांबली. बाळाला तिच्या पुढ्यात नेलं तर मागे सरकली.

शेवटी एका दुपारी मी दादाचा एक निबंध काढून तिच्याजवळ बसले. अशा रोग्यांना घरचेच कसे दूर ठेवतात, यावर तो होता. एकत्र जेवल्याने, जवळ घेतल्याने हा आजार होत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. एकेक वाक्य मी मराठीत सांगत गेले.

“त्यानंच लिवलंय ह्ये?”

“त्यानेच.”

“मी अशी हाय, ठाव व्हतं त्याला तवा?”

“होतं.”

ती उठली, मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धुऊन आली आणि भिंतीला टेकून बसली. मुलीने बाळ तिच्या मांडीवर दिलं. आधी तिने हात अधांतरीच धरले होते, मग हळूच त्याच्या पाठीखाली घातले. बाळ झोपलं.

“तुझ्या दादाला बी असंच घेतलं व्हतं,” ती म्हणाली. “मला काय ठाव.”

आता बाळाला ती रोज घेते, पण त्याची पापी कधी घेत नाही. ताट अजून वेगळंच आहे. मी वाद घालणं सोडून दिलंय.