शेलाट्या पुढे

मार्थाकाकू ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीच्या पायऱ्या उतरायच्या, तेव्हा डब्याला हात लावत नसत. अंग भरपूर, दंडावर पिठाचा थर, गुडघे सुजलेले. पण मान अशी, की डबाच त्यांच्या आधाराने चालला आहे असं वाटावं. कोल्हारात आमचं घर त्यांच्या पिठाच्या गिरणीला लागून. त्या स्वतःबद्दल बिनदिक्कत सांगायच्या, "मी शेलाटी हाय." ऐकणारे हसत. काकू हसणं संपायची वाट बघत आणि पुन्हा तेच म्हणत.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला. शेलाटी म्हणजे स्लिम का, असं एकदा हळूच विचारलं.

"स्लिम टेपानं मोजत्यात," त्या म्हणाल्या. "शेलाटं चालन्यात दिसतं. वाऱ्यातलं बाजरीचं ताट बघ. वाकतं, पन पडत न्हाई." मग मला वरून खाली न्याहाळत म्हणाल्या, "तू नुसती बारीक हायस. बगळ्यावानी मान आत घालून बसतीस."

मला राग आला. चार माणसांत गेले की मी खांदे आत ओढते, ते कोणाला दिसत नसेल अशी माझी समजूत होती.

आमच्याकडे नाताळच्या मिरवणुकीत बायकांचं लेझीम पथक असतं. काकू कायम पहिल्या रांगेत, मी मागच्या. मागच्या नाताळात पथकाचं सगळं बघणाऱ्या सॅमीने तालमीत जाहीर केलं, "यंदा ड्रोननं शूटिंग आहे. शेलाट्या पोरी पुढे, बाकीच्या मागे. काकू, तुम्ही आपल्या टेम्पोत बसा." त्यांच्या जागी त्याने मला उभं केलं. मी खांदे आत ओढून उभी राहिले.

काकू लेझीम घेऊन माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"काकू, मी काय म्हणालो?"

"शेलाट्या पुढं म्हनलास. आले."

"अहो, वजन तरी बघा."

"वजन माझं हाय. तुझ्या डोक्यावर ठिवलंय का? हलगी वाजव."

हलगी वाजली. काकू वाकल्या, लेझीम जमिनीपाशी खणखणली, आणि त्या ताठ उठल्या. गुडघ्यांनी काय भोगलं ते चेहऱ्यावर उमटू दिलं नाही. ठोका चुकला तो माझा.

"मान," त्या पुटपुटल्या.

मिरवणुकीतही त्या पुढेच होत्या. सॅमीने तो विषय पुन्हा काढला नाही.

उन्हाळ्यात काकू गेल्या. घरातून शवपेटी उचलताना पुढच्या माणसाने हाक दिली, "आनखी दोघं या रे. बाई लई जड हाय." दोघंतिघं हसले.

"शेलाट्या होत्या त्या," मी म्हणाले. आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. सगळे वळून बघू लागले. सॅमीने मान खाली घातली. बाकीचे पुन्हा हसले.

मी त्यांचं हसणं संपायची वाट पाहिली आणि पुन्हा तेच म्हणाले.