दारकाकांनी दाबून ठेवलेला शब्द

नाटक कंपनीत सुतारकाम करून म्हातारा झालेल्या माणसाला लोक सुतार म्हणतील, फार तर मिस्त्री म्हणतील. यांना मात्र सगळे दारकाका म्हणत. कंपनी वर्षानुवर्षं फार्स करायची, आणि फार्सचं असं आहे की कथानक थोडं लंगडं असलं तरी चालतं, पण दारं भरपूर लागतात. नवरा एका दारानं बाहेर गेला रे गेला की पाहुणा दुसऱ्या दारानं आत, आणि घरमालक तिसऱ्या दाराशी कान लावून उभा. खुर्च्या, जिने, खिडक्या कुणीही करो, दारं काकांनीच करायची असा कंपनीचा शिरस्ता होता.

आणि नाटकातलं दार म्हणजे काही घरचं दार नव्हे. तिथली भिंत असते कापडाची, लाकडी सांगाड्यावर ताणून रंगवलेली. नटानं चिडून दार आपटलं आणि भिंत थरथरली, की प्रेक्षक भलत्याच गोष्टीला हसतात. म्हणून काका चौकट भिंतीपासून जरा सुटी ठेवत, मागून तिला तिरके टेकू देत आणि टेकूंवर वाळूच्या पिशव्या टाकत. बिजागऱ्यांना मेण चोळत. कडी मात्र कधीच बसवत नसत, कारण घाईतल्या नटाच्या हाताला कडी अडकली तर अख्खं नाटक तिथंच बसायचं.

मग नाटकात 'दार बंद आहे' असं असेल तेव्हा? तेव्हा काका स्वतः दारामागे उभे राहून दार ओढून धरत. पुढे नट हिसके मारतोय, गयावया करतोय, प्रेक्षक हसून बेजार झालेत, आणि मागे काका दातओठ खात मूठ धरून उभे. नटानं पायाच्या अंगठ्यानं खाली हळूच ठोकलं की सोडायचं, अशी खूण ठरलेली. त्यांची लेक लहानपणी त्यांच्याच पायाशी वाळूच्या पिशवीवर बसून हे बघायची. दाराला कुलूप नाही, पलीकडे आपले बाबा आहेत, हे गुपित तिला शाळेतल्या कुणालाही सांगायची परवानगी नव्हती. तिनं ते सांगितलंही नाही.

काकांची बायको त्याच कंपनीत कपडेपट सांभाळायची. विंगेत उभी राहून कुणाचं तरी बटण टाकता टाकता ती प्रत्येक प्रयोगात नायकावर वैतागायची. ''अरे मेल्या, एकदा खरं सांगून टाक ना. पहिल्याच अंकात घरी जाऊ सगळे.'' त्यावर काका म्हणायचे, यानं खरं सांगितलं तर आपण खायचं काय? बाईचा फार्सशी एवढाच मतभेद होता. बाकी दूध उतू जावो, पाहुणे न सांगता येवोत, एकाच वेळी दोन नटांच्या विजारी उसवोत, तिच्या तोंडी शब्द एकच, तारांबळ. ''काय ही माझी तारांबळ,'' म्हणायची आणि तोंडात टाचण्या धरून कामाला लागायची.

पुढे कंपनी बंद पडली. मग बायको गेली. लेक त्याच्या आधीच लांबच्या देशात नोकरीला लागली होती, तिकडेच राहिली. काका दोन खोल्यांच्या घरात एकटे उरले. तिचा फोन रविवारी यायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, तिकडं थंडी आहे का, बरं आहे, बरं आहे, ठेवू का मग? फोन ठेवल्यावर काकांना बोलायचं होतं ते सगळं आठवायचं आणि ते तसंच भिंतीकडे बघत बसायचे. तिनं यावं, समोरच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसावं, चहा गार होईपर्यंत बडबडत राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण ते मागायचा त्यांना धीर नव्हता. लेकीला तिकडं शंभर कामं, आपण तिच्या पायातली बेडी कशाला व्हायचं, असं ते स्वतःला समजावत. समजूत पटायची नाही, पण दर रविवारी ते ती नव्यानं घालत.

आणि एका कामाच्या दिवशी, भलत्याच वेळी, फोन वाजला. काही वाईट तर नाही ना, म्हणत काकांनी तो घाईघाईनं उचलला. लेक मात्र खुशीत होती. नोकरी सांभाळून ती तिकडचं एक जुनं, असंच पळापळीचं नाटक आपल्या भाषेत आणत होती, इकडचा एक प्रकाशक ते छापणार होता. नाटकाच्या नावाखाली 'एक अमुक' असं त्याचा प्रकार सांगणारं लिहायचं होतं आणि घोडं तिथंच पेंड खात होतं. या प्रकाराला तिकडं जो शब्द होता, त्यात सोंग होतं, धावपळ होती, शिवाय लाज राखायची धडपडही होती. फार्स लिहिलं तर ते उसनंच, आणि प्रहसन म्हटलं की शाळेत बाकावर उभं केल्यासारखं वाटतं. प्रकाशकाला दोन्ही नको होते. तुम्ही जन्मभर त्यातच होतात, तर तुम्हीच सांगा, असं ती म्हणाली.

काकांना शब्द तिथल्या तिथं सुचला. जिभेवर आला, ओठापर्यंत आला. आणि त्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं, की हा शब्द दिला की ती 'वा, थँक्यू बाबा' म्हणेल आणि फोन ठेवील, मग पुन्हा रविवार आणि गोळ्या. त्यांनी शब्द गिळला. विचार करून सांगतो, दोन दिवसांनी कर फोन, असं ते म्हणाले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. दुसऱ्या दिवसापासून काका शब्द शोधायला बाहेर पडले. न्हाव्याकडे बसले. दाढी होईपर्यंत त्यानं 'फजिती' दिला, वर स्वतःच्या लग्नातली फजिती फुकट सांगितली. काकांनी तो शब्द लेकीला मोठ्या थाटात दिला आणि तिला तो आवडतोय असं दिसताच स्वतःच तो मोडीत काढला. अगं, फजिती होऊन गेल्यावर कळते, फार्समधल्या माणसाला तर शेवटपर्यंत वाटत असतं की अजून सावरता येईल. लेक म्हणाली, खरंच की. मग त्यांनी गोंधळ आणला. तोही बाद, कारण गोंधळाला चार माणसं लागतात, इथं एकटा माणूस आणि एक कपाट पुरतं. तमाशा म्हणावा तर तो दहा लोकांनी पाहावा म्हणून घालतात, आणि फार्समधला बिचारा कुणी पाहू नये म्हणून धडपडतो. विनोद हा शब्द तर काकांनी उभाही केला नाही. विनोद करणाऱ्याला ठाऊक असतं आपण विनोद करतोय. दारामागून मी इतकी वर्षं पाहिलंय, म्हणाले, आत आलेल्या एकाही नटाच्या चेहऱ्यावर हसू नसायचं, सगळे घामाघूम.

अशा गप्पा तासभर चालायच्या. शब्दावरून नटांवर, नटांवरून जुन्या दौऱ्यांवर, तिथून आईवर. आई शिवता शिवता कशी रागवायची, हे लेकीनं तिच्या आवाजात करून दाखवलं तेव्हा काकांना फोन कानापासून जरा लांब धरावा लागला. इतकं ते गेल्या कित्येक वर्षांत बोलले नव्हते. फोन येणार त्या दिवशी ते सकाळीच दाढी करू लागले, जणू तिला तिकडून गाल दिसणार होते.

कंपनीचा जुना प्रॉम्प्टर जवळच राहायचा. त्याच्याकडे काका शब्दासाठी तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यानं चष्म्यावरून बघत विचारलं, तुम्हाला शब्द हवाय की वेळ काढायचाय? चोराच्या मनात चांदणं. काका चहा अर्धा टाकून उठले. पण सुधारले म्हणाल तर नाव नको. पुढच्या फोनला त्यांनी 'धांदल' पुढे केला आणि मागे घेतला.

शेवटी एकदा तिचा फोन आला तो थकलेला.

''बाबा, मी फार्सच लिहून पाठवून देते. काय म्हणायचं ते म्हणोत. आता ताणण्यात अर्थ नाही.''

काका म्हणाले, घाई कशाला करतेस, अजून थोडं शोधू.

''घाई कसली? माझी रजा गेली त्यापायी.''

कसली रजा, ते काकांना कळेना. मग तिनं सांगितलं. पुस्तक हातावेगळं झालं की ती महिनाभर घरी येणार होती. न सांगता येऊन एकदम दारात उभी राहणार होती. रजा मंजूर झालेली. पण शब्द मिळेना म्हणून तिनं पुस्तक अडवलं, पुस्तकापायी रजा पुढे ढकलली, मग आणखी एकदा ढकलली. आता ऑफिसनं हात वर केले होते. यंदा नाही, पुढच्या वर्षी बघू.

काका उभे होते ते खुर्चीत बसले. समोरची खुर्ची रिकामी होती. महिनाभर ती तिथं बसणार होती, आणि आपण न्हाव्याकडे, प्रॉम्प्टरकडे, बाजारात तिचं येणं लांबवत हिंडत होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. 

''तारांबळ,'' ते म्हणाले.

 पलीकडे तिनं शब्द तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून बघितला. ''एक तारांबळ,'' ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. ''हा तर आईचा शब्द. तुम्हाला आत्ता आठवला?''

खोटं बोलायला याहून चांगली वेळ नव्हती. काकांच्या दारांतून आतबाहेर केलेल्या कुठल्याही नायकानं इथं थाप मारली असती, आणि तिच्यामागे आणखी दोन अंक पळाला असता. काकांच्याही तोंडावर 'हो, आत्ताच' आलं होतं. पण विंगेतून कुणीतरी वैतागून बोलल्यासारखं त्यांना वाटलं.

''पहिल्याच दिवशी आठवला होता,'' ते म्हणाले.

''मग?''

''सांगितला असता तर तुझे फोन बंद झाले असते.''

 तिच्याकडे रस्त्यावरून एक गाडी गेलेली काकांना ऐकू आली.

''म्हणजे दार बंद नव्हतंच,'' ती सावकाश म्हणाली. ''मागे तुम्ही धरून उभे होतात.''

 इतकी वर्षं काकांनी नेमक्या वेळी दार सोडलं होतं, एकदाही चूक केली नव्हती. नटाचा अंगठा खाली वाजला की मूठ आपोआप सुटायची. घरात मात्र खूण ठरलेली नव्हती. तिनं यायचं म्हणून कुठं कुठं ठोकलं असेल, आपल्याला ऐकूच आलं नाही, असं त्यांना वाटलं. आणि मग, ज्या वाक्यासाठी बायको जन्मभर नायकांवर वैतागली, तसलं एक वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

''घर खायला उठतं गं. तू ये. पुस्तक असो नसो, तू ये.''

ती रडते आहे की हसते आहे, हे त्यांना नीट कळलं नाही.

''हे आधी सांगायचंत ना, बाबा,'' ती म्हणाली. ''पहिल्याच अंकात घरी आले असते.''