पिवळा ठिपका

हिलरी समोर बसला की माणसाला वाटतं, ह्याला आपल्याशी बोलायचंच नाही. डोळे सारखे भिरभिरत असतात. चहा पिताना दाराकडे, दारातून रस्त्यावर, परत कपात. चर्चमध्ये मिस्सेलासुद्धा हा पठ्ठ्या बाकांवरची डोकी न्याहाळत बसतो. एकदा फादरच हसून म्हणाले, "अरे हिलरी, अल्तारीवरही कोणीतरी आहे हो!" स्वतःच्या लग्नात फोटोवाल्याने तर हात टेकले होते. एका फोटोत हा नवरीकडे बघत असेल तर शपथ!

पण रविवारी राजोडीच्या किनाऱ्यावर ह्याच डोळ्यांवर लोकांचा जीव अवलंबून असतो. हिलरी तिथला जीवरक्षक. गळ्यात शिट्टी, पाय वाळूत, आणि नजर एका जागी म्हणून टिकत नाही. बोळिंज-तुळिंजची पोरं मस्तीत पाण्यात घुसतात, हा इकडून तिकडे येरझारा घालतो. कोणी म्हणालं, "बसा की घटकाभर," तर खवळतो. नव्याने कामाला लागलेल्या पोरांनाही बजावतो, "टक लावून बघू नका रे. टक लावली की माणूस जातो." का, ते मात्र त्याला कधी सांगता आलं नाही. पोरं आपली माना डोलावतात, पाठ फिरली की हसतात.

त्यांनी हसावं. त्यांना सॅमी ठाऊक नाही.

सॅमी म्हणजे हिलरीचा धाकटा भाऊ. दोघंही लहान असतानाची गोष्ट. बापाची होडी परतायची वेळ झालेली, आई रोझलीन वर किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होती. सॅमी गुडघाभर पाण्यात, पिवळा सदरा घालून, होडी बांधायचा खुंटा धरून उभा. गप्प, हलत नव्हता. हिलरी वाळूवर होडीकडे डोळे लावून बसला होता. सॅमी त्याला डोळ्याच्या कोपऱ्यात दिसत होता. दिसत होता, दिसत होता, आणि मग तिथे नुसत्या लाटा. हिलरीला वाटलं, गेला असेल आईकडे. होडी वळल्यावर त्याने सॅमीला हाक मारली, तेव्हा आई एकटीच खाली आली.

"तू मान वळवली," रोझलीन तेव्हा म्हणाली, आणि आजवर म्हणत आली. दर वर्षी सॅमीच्या नावाची मिस्सा झाली की म्हणणारच. "तू मान वळवली, म्हनून गेला तो."

"नाय आये. मी मान वळवली नाय."

हिलरीला उभ्या जन्मात एकच गोष्ट हवी होती, आईने एकदा म्हणावं की पोरा, तू खरं बोललास.

आणि परवा सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, त्याची मुलगी प्रीतल मोबाईल घेऊन आली. "पप्पा, गंमत बघा. मधल्या हिरव्या ठिपक्यावर नजर ठेवा, हलवू नका." पडद्यावर निळ्या फुल्यांचं जाळं गरगर फिरत होतं आणि त्यात तीन पिवळे ठिपके जागच्या जागी उभे होते. हिलरीने नजर रोखली. एक पिवळा ठिपका गेला. मग दुसराही. त्याने डोळे हलवले, तर सगळे जिथल्या तिथे!

"ते जात नाहीत पप्पा, आपल्यालाच दिसायचे थांबतात. भोवती सगळं हलत असलं की होतं असं. सगळ्यांनाच होतं."

मोबाईल हिसकावून हिलरी तसाच अनवाणी ओट्यावर धावला. रोझलीन सुपात सुका जवळा निवडत होती. मोतीबिंदू काढल्यापासून म्हातारी सुईत दोरासुद्धा स्वतः ओवते.

"आये, हे बघ. मधे बघ. डोळा हलवू नको."

"काय खूळ लागलंय तुला?" असं म्हणत तिने मोबाईल धरला, बघत राहिली. "अगो बाय, गेला! पिवला गेला!" मग डोळे मिचकावले. "हाय की. तिथंच हाय."

"तसाच सॅमी, आये," हिलरी म्हणाला. "तिथंच होता. मी मान नाय वळवली."

रोझलीन पुन्हा पडद्याकडे बघायला लागली. मग अगदी हळू बोलली, "होडीवरनं डोला हलवू नको, असं तुला मीच सांगितलेलं ना?"

हे हिलरीच्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हातारीची मूठ जवळ्यावर आवळली होती.

त्याने मोबाईल काढून घेतला. "अगो, मोबाईलची करामत ही! समुद्रात कुठं असं होतं? वर पोरं पतंग उडवत होती, तिकडं बघितलं मी. मीच मान वळवली, आये."

दारातल्या प्रीतलने तोंड उघडलं. बापाने तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली.

रोझलीनने पदराने डोळे पुसले. "बघ! इतकी वर्षं मी म्हनतच होते," ती म्हणाली, आणि सूप त्याच्याकडे सरकवलं. "बस, निवड थोडा."

हिलरी बसला.